तानुबाईनं शिवलेली खोळ

पूर्णा स्टेशनाकडून बसस्टँडकडं निघालं की डाव्या हाताला गॅरेजांची ओळ लागते. तिथं कुणालाही विचारा, तानुबाई कुठं बसतात. माणूस आधी हसेल, मग इकडंतिकडं बघेल आणि मगच बोट दाखवेल. ट्रॅक्टरची सीट, मोटारसायकलची सीट, कुलरचं कव्हर, पखवाजाची खोळ, फवारणीच्या पंपाचे पट्टे, जाड सुईखालून जे म्हणून जाईल ते ही बाई शिवते. आणि शिवता शिवता गिऱ्हाइकाला सोलून काढते.

तिच्या रागाला कारण लागत नाही असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. कारण लागतं आणि ते दर वेळी खरं असतं, पंचाईत तीच तर आहे. गेल्या साली झरीचे आबासाहेब भजनी मंडळाच्या पेटीला खोळ शिवायला आले. पेटी घरी ठेवून आले आणि मापं मोबाईलवर घेऊन आले. झरी तानुबाईचं माहेर, आबासाहेब तिच्या वडिलांच्या वयाचे, गावात त्यांचा शब्द चालतो. तिनं मोबाईलकडं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. पेटी कुठं ठेवता, कशावरून नेता, उचलतं कोण, एवढंच विचारलं. आबासाहेब म्हणाले, तुला काय करायचंय, माप आणलंय तेवढं शीव. झालं. पुढची पाच मिनिटं अख्ख्या ओळीनं हातातले पाने खाली ठेवून ऐकलं. वस्तू बघितल्याशिवाय मी खोळ शिवत न्हाई, मग ती पेटी असो का तुमचं डोस्कं असो, हे शेवटचं वाक्य तर समोरच्या हॉटेलापर्यंत गेलं. आबासाहेब मुकाट्यानं परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन जीपमधून आले. खोळ अशी झाली की पेटी जीपमधून पडली तरी सूर हलू नये. मग लोकांनी बाईच्या तोंडी का लागावं?

हा राग ती माहेराहून घेऊन आली नव्हती. बन्सीधरशी लग्न होऊन पूर्णेला आली तेव्हा ती शेजारणींचे परकर शिवायची आणि कुणी कमी पैसे दिले तरी गप्प बसायची. बन्सीधर रेल्वेत पॉइंटमन, स्वभावानं इतका शांत की घरात आहे की ड्यूटीवर हे चपला बघून ठरवावं लागे. त्याच्या ओळखीनं एका गार्डसाहेबांची कॅनव्हासची पिशवी दुरुस्तीला आली. तानुबाईनं ती पुरी उसवली, आतून कशी बांधलीय ते बघितलं आणि परत शिवली. मग दुसरी आली, तिसरी आली. तिनं जाड मशीन घेतलं आणि गॅरेजांच्या ओळीत पत्र्याचा गाळा घेतला. तिथल्या बाप्यांनी काय हसावं! बाई ट्रॅक्टरची सीट शिवणार म्हणून मुद्दाम उभं राहून बघायचे. रेग्झीनवाला तिला फाटका माल द्यायचा, गिऱ्हाईक तिच्यासमोर शेजाऱ्याला विचारायचं की हिला जमेल का. वर्षभर तिनं सोसलं. मग एक दिवस तिनं फाटक्या रेग्झीनचा आख्खा गठ्ठा दुकानदाराच्या गल्ल्यावर नेऊन आदळला आणि भर बाजारात त्याचा असा उद्धार केला की दुसऱ्या दिवशी चांगला माल घरपोच आला. त्या दिवशी तानुबाईला कळलं की हळू बोललेलं या ओळीत कुणाला ऐकू जात नाही. त्यानंतर ती हळू बोलली नाही.

घरीसुद्धा नाही. दुकानाचं कुलूप लावताना राग आत ठेवून यायची सोय असती तर बरं झालं असतं, पण तशी सोय कुठं असते?

तिची एकुलती एक पोरगी निकिता. बारावीनंतर हॉटेलचा कोर्स करून ती गोव्याकडं एका किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये नोकरीला लागली, काउंटरवर. तानुबाईनं ओळीत पेढे वाटले. वर्षानं फोन आला की काउंटर सोडलं. समुद्राच्या लाटेवर फळीवर उभं राहून जायचा एक खेळ असतो, तो मी शिकलेय आणि आता दुसऱ्यांना शिकवते, त्याचाच पगार मिळतो. तानुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकाच्या पोरी बँकेत लागायल्यात आणि आमची फळीवर उभी राहायलीय! महिनाभर ती फोनवर धड बोलली नाही. मग निकितानं बापाच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. मोठी लाट येतीय, आणि तिच्या अंगावर एक किडकिडीत पोरगी दोन्ही हात पसरून सरळ उभी आहे. तानुबाईनं तो बघितला आणि काय थेरं आहेत म्हणून मोबाईल परत दिला. बन्सीधर अंघोळीला गेला की मात्र तो मोबाईल ती हळूच उचलायची. किती वेळा बघितला ते तिनं कुणाला सांगितलं नाही, बन्सीधरला माहीत होतं आणि त्यानंही सांगितलं नाही.

या मे महिन्यात गोव्याकडचा हंगाम संपला आणि निकिता घरी आली. दोन गाड्या बदलून, खांद्यावर फळी घेऊन. फळी तिची स्वतःची, जुनी घेतलेली, पण दोन हंगामांची कमाई त्यात घातली होती. पुरुषभर उंचीची, पांढरीशुभ्र, पुढं टोकदार, एवढी हलकी की एका हातावर तोलावी. आणि गुंडाळली होती कशात? चादरीत! वरून फुग्याफुग्यांचं प्लास्टिक आणि चिकटपट्टी. प्लॅटफॉर्मवर कुणी विचारलं इस्त्रीचा टेबल का, कुणी विचारलं पंख्याचं पातं का. तानुबाईला त्याचं काही वाटलं नाही. तिला त्या चादरीची लाज वाटली. खोळी शिवणारीची पोरगी आणि तिची वस्तू उघडी!

निकितानं सगळं नीट सांगितलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर स्पर्धा आहे. यंदा पहिल्या चारात आली तर मोठ्या संघाच्या शिबिरात घेणार. पुढच्या वर्षी वय उलटतं, मग त्या गटातून उतरता येत नाही, म्हणजे हे एकच वर्ष. तिथल्या एका शाळेत तिला तोवर शिकवायचं काम मिळालं होतं. एका खोलीत सहाजणी, तिथं चांगली फळी ठेवायला जागा नाही. सरावाला शाळेची फळी मिळेल. आपली फळी दोन महिने इथंच राहू दे, स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी पप्पा रेल्वेच्या पासावर घेऊन येतील. फळीची तिला सवय होती, पाय कुठं पडला की ती कशी वळते हे तिला डोळे मिटून कळायचं. तिच्याशिवाय उतरायचं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून पळायचं.

तेव्हा खोळ पाहिजे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मग निकितानं मोबाईल पुढं केला. त्यात तीन तऱ्हा होत्या. एक पातळ, मोज्यासारखी, घरात ओरखडे पडू नयेत म्हणून. दुसरी रोज किनाऱ्यावर न्यायची. तिसरी प्रवासाची, आत बोटभर फोम, नाकाशी आणि शेपटाशी जास्त. निकिता म्हणाली, ही तिसरी मागवते. बाहेरून चांदीसारखी आहे, ऊन परतवते. फोम पाणी पीत नाही. आणि कडेला जाळीची दोन भोकं आहेत, आत वाफ धरत नाही.

तानुबाईला मिरची झोंबली. "आणि तुजी आई तीस वर्सं हितं काय भजी तळायलीय व्हय?"

निकितानं मोबाईल खाली ठेवला. तसं नाही आई, तूच शीव, फक्त अशी शीव, एवढंच ती म्हणाली. पण तानुबाई आता सुटली होती. चांदीसारखी? ही काळ्या मातीची जागा आहे, असलं कापड चार दिवसांत पोतेऱ्यासारखं होतं. भोकं? म्हणजे धूळ आत, मुंग्या आत, उंदराला दार उघडून दिलं. फोम? फोमची बात मला कुणी सांगू नये, दोन उन्हाळ्यांत फोमचा भुगा होतो, हजार सीटा उसवल्यात मी. बन्सीधर मधे म्हणाला की पोरीला काय पाहिजे ते ऐकून तरी घे. तुमी तुमचे रूळ सांभाळा, असं उत्तर त्याला मिळालं आणि तो रूळ सांभाळायला निघून गेला.

ट्रॅक्टरच्या सीटसाठी यातलं एकेक अक्षर खरं होतं. फळी म्हणजे ट्रॅक्टरची सीट नव्हे हे सांगायला तिथं कुणी उरलं नव्हतं.

पण शिवली म्हणजे काय शिवली! तानुबाईनं चार दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. फळी गाळ्यात आडवी घातली, खाली कागद अंथरून खडूनं आखून घेतली. बाहेरून सगळ्यात जाड काळं रेग्झीन, जे ती फक्त कम्बाइन हार्वेस्टरच्या सीटला वापरायची. आत भाऊ महारुद्रच्या शेतातला कापूस, झरीहून मागवलेला, पिंजून, गादीसारखे टाके घालून. नाकाला दुप्पट थर. फळीखाली माशाच्या परासारखी तीन पाती असतात, ती काढून ठेवायला वेगळी पिशवी. खांद्याचा पट्टा बरोबर फळीच्या तोलावर. चेन पितळी, कारण लोखंड खाऱ्या हवेत गंजेल हे तिला कुणी न सांगता कळलं. आणि भोक कुठंही नाही, मुंगीलासुद्धा नाही. ओळीतले मिस्त्री येऊन बघून गेले. एकानं विचारलं की हे नक्की काय असतं. एरवी तिनं त्याला झाडला असता. त्या दिवशी ती मान वर न करता म्हणाली, यावर माझी पोरगी समुद्रात उभी राहती.

ठेवायची कुठं हा प्रश्न तिनंच सोडवला. घरी पलंगाखाली उंदीर. गाळ्यात मागच्या बाजूला पत्र्याखाली माळा होता, तिथं कोरडं होतं, धूळ नव्हती, उंदीर तर मुळीच नव्हता. पत्र्याखाली मे महिन्यात उंदीर कशाला राहील, तो काय वेडा आहे? बन्सीधर आणि निकितानं मिळून फळी वर चढवली. तानुबाई खालून सूचना देत होती आणि कधी नाही ती हसत होती. दुसऱ्या दिवशी निकिता गाडीत बसली.

त्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या खाली उतरायला तयार नव्हता. गाळ्यात दुपारी कात्री हातात धरवत नव्हती. जूनही तसाच कोरडा गेला. तानुबाई उन्हाला शिव्या देत होती, लाइट जाते म्हणून शिव्या देत होती, आणि कुणी नवं गिऱ्हाईक आलं की माळ्याकडं बोट करून सांगत होती की बघायची असेल तर वर जाऊन माझी शिलाई बघा.

जुलैच्या मध्यावर बन्सीधरची रजा मंजूर झाली. तीन दिवसांनी गाडी. सकाळी त्यानं ड्यूटीवर जाताना फळी खाली काढून दिली आणि तानुबाईनं फडकं घेऊन खोळ आधी बाहेरून लख्ख पुसली. मग आतली धूळ बघावी म्हणून चेन उघडली. आत धूळ नव्हती. तिला कोण समाधान वाटलं. मग तिनं फळीवरून हात फिरवला आणि हाताला काहीतरी लागलं.

फळीच्या पाठीवर फोड आले होते. एकूण नऊ. काही रुपयाएवढे, एक तळहाताएवढा. वरची कडक साल आतल्या गराला सोडून फुगली होती. अंगठ्यानं दाबलं की खाली जायची आणि अंगठा काढला की टक्‌ करून वर यायची.

तानुबाई पहिल्यांदा चिडली ती फळीवर. ही काय वस्तू म्हणायची, जागच्या जागी फोड येतात? मग जिनं निकिताला जुनी फळी विकली तिच्यावर, फसवलं लेकीला. मग उन्हावर. मग गाळ्याच्या मालकावर, सिमेंटचा स्लॅब टाकून दे म्हणून दहा वर्षं सांगतेय. एक गिऱ्हाईक सीट विचारायला आलं, त्याला तिनं न ऐकताच हाकलून दिलं. मालकाची वरात संपली तेव्हा नाव घ्यायला दुसरं कुणी उरेना. समोर काळं रेग्झीन पडलं होतं, ढगाळ सकाळच्या उजेडातसुद्धा कोमट. तिनं त्याच्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्या विचाराला तिनं जवळ फिरकू दिलं नाही.

निकिताला फोन करायचा तर आता करायचा होता. तिनं केला नाही. सांगणार काय? माझ्या खोळीत खराब झाली? तीस वर्षांत तिच्या शिवलेल्या वस्तूतून कुणाचं काही खराब झालेलं नव्हतं. आणि फोड म्हणजे काय तिला नवीन होते? सीटचं रेग्झीन फोमला सोडून असंच फुगतं, आठवड्याला दोन तरी येतात. त्याला एक हातखंडा इलाज असतो. फोडाला सुई टोचायची, इंजेक्शनच्या सिरिंजमधून आत सोल्यूशन सोडायचं, ते पिवळं उग्र वासाचं चिकट, आणि वर वजन ठेवायचं. तासाभरात फोड होता हे कुणी ओळखत नाही. पोरीला कळायचंही काम नाही, विषय संपला.

तिनं शटर अर्धं खाली ओढलं. पहिला मोठा फोड. सुई कडक सालीतून कटकन आत गेली. सोल्यूशन सोडलं, मशीनचा जुना लोखंडी पाय त्यावर ठेवला. थोड्या वेळानं उचलून बघितलं तर साल सपाट बसलेली. तानुबाईच्या जिवात जीव आला. मोबाईलवर बघून खोळी मागवणारे लोक, यांना म्हणावं या, बघा. तिनं झपाट्यानं उरलेले आठही फोड टोचले आणि हाताला लागेल ते वजन वर मांडलं.

जेवणाच्या सुट्टीत बन्सीधर डबा घेऊन आला तेव्हा ती एकेक वजन उतरवत होती. शेवटचं उतरवलं आणि हात फिरवायला अंगठा टेकवला. अंगठा आत गेला. दाबला नव्हता, नुसता टेकवला होता, आणि साल वाळक्या पापडासारखी मोडून अंगठा पेरभर आत गेला. आत काही नव्हतं. पोकळ. तिनं दुसरीकडं टेकवला, तिथंही तेच.

सोल्यूशननं थर्माकोल विरघळतो. हे या ओळीतलं कुणीही सांगेल, तानुबाईनं स्वतः दहा जणांना सांगितलं असेल. फळीच्या आत तसाच हलका गर आहे, वरून काचेच्या धाग्याचं कापड आणि रेझिन, हे निकितानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तानुबाई भजी तळण्याबद्दल बोलत होती. आबासाहेबांना पेटी दाखवा म्हणून झरीपर्यंत परत पाठवणारी बाई, तिनं आपल्या पोरीच्या वस्तूत काय भरलंय ते ऐकून घेतलं नव्हतं.

बन्सीधर डबा हातात धरून दारातच उभा राहिला. त्याला काही सांगावं लागलं नाही. तानुबाई त्याच्यावर ओरडली, काय बघायलात, बोला की कायतरी. तुमीच वर चढवलीत, तुमाला कळलं न्हाई का, असंही ती ओरडली. त्यानं डबा स्टुलावर ठेवला आणि खाली बघत राहिला.

खोटं बोलायला जागा होती. तीन दिवसांनी फळी गाडीत चढणार होती. दोन दिवसांच्या प्रवासात सामानाची काय दशा होते हे सगळ्या जगाला माहीत आहे. वर कुणी जड पेटी ठेवली, वाटेत आपटली, असं म्हटलं असतं तर निकितानं प्रश्नसुद्धा विचारला नसता. हा विचार तानुबाईच्या मनात आला आणि बराच वेळ बसून राहिला. मग तिला स्वतःची अशी किळस आली की तिनं मोबाईल उचलला तो जवळजवळ फेकण्यासाठीच.

निकितानं लगेच उचलला. मागं वारा होता, लांब कुठंतरी पोरं ओरडत होती. तानुबाईनं सगळं सांगितलं, फोड, सुई, सोल्यूशन, अंगठा. काही गाळलं नाही. आवाज मात्र असा होता की भांडण काढायला फोन केलाय असं ऐकणाऱ्याला वाटावं. तिला दुसऱ्या आवाजात बोलताच येत नव्हतं.

पलीकडं वाळूत पावलं वाजली, पोरांचा आवाज मागं पडत गेला.

"किती ठिकानी सोडलंस?" निकितानं विचारलं.

"नऊ."

"बुडबुडे येत असतात आई. उन्हानं येतात. हितं एकजन हाय, दोन दिवसांत नीट करतो." तिच्या आवाजात काहीच नव्हतं, ना रडणं ना राग. "सुई घालायच्या आधी फोन करायचा ना."

खरं होतं ते. आणि खरं होतं म्हणूनच तानुबाईचा तोल गेला. नेहमी जायचा तसाच, त्याच वाटेनं. मग तू का न्हाई सांगितलंस, तिनं विचारलं. काळं रेग्झीन तापतं, पत्रा तापतो, तुला एवढं कळत होतं तर तुजं तोंड काय शिवलं होतं का? तीस वर्षांत भल्याभल्यांना गप्प केलेला तो आवाज अर्ध्या शटरखालून बाहेर गेला आणि शेजारच्या गॅरेजातली हातोडी थांबली.

"कळत होतं," निकिता म्हणाली.

तानुबाई थांबली.

"माळ्यावर ठेवली ना, तवाच मी खोळीला हात लावला. चटका बसला मला. पप्पांनी पन लावून बघितला. आमी दोघं एकमेकांकडं बघत बसलो वर." निकिता हळू बोलत होती, पण तानुबाईला अक्षरन् अक्षर ऐकू येत होतं. "तू खाली उभी होतीस. लय खूश होतीस आई. वर पत्र्याखाली तापंल, हितं नको ठेवू म्हनलं असतं तर तू चिडली असतीस. मग म्हनलं, ऱ्हाऊ दे."

तानुबाईनं बन्सीधरकडं पाहिलं. तो अजून तिथंच उभा होता, दाराच्या चौकटीला हात लावून. त्यानं नाही म्हटलं नाही. दोन महिने हा माणूस रोज त्या माळ्याखालून डबा घेऊन आला आणि गेला होता. रोज त्याला माहीत होतं. तिला वाटलं, उठावं आणि याला गदागदा हलवावं. आणि मग वाटलं, हलवून काय विचारणार? का नाही बोललात, असंच ना? ते तर आत्ता पोरीनं सांगितलं.

ती स्टुलावर बसली. डबा बाजूला सरकवला. फळी समोर आडवी पडली होती, नऊ ठिकाणी मोडलेली, आणि शेजारी ती काळी खोळ. तिच्यावर एवढासाही ओरखडा नव्हता.

निकिता म्हणाली की एका मैत्रिणीची फळी मिळेल बहुतेक. थोडी आखूड आहे, वळायला वेगळी आहे. पंधरा दिवस हातात आहेत, करते सवय. पहिल्या चाराचं आता काही सांगता येत नाही. पप्पांना म्हणावं तिकीट रद्द करा. हे सगळं ती घाईघाईनं बोलली, जशी घरात नेहमी बोलायची, मधे कुणी ओरडायच्या आत संपवून टाकावं तशी.

तानुबाईला बोलायचं होतं. तोंडात शब्द होते, पण जे होते ते सगळे त्याच जुन्या आवाजातले होते. म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तिनं फोनवर पोरीचं बोलणं संपल्यावरही काही म्हटलं नाही. कानाला मोबाईल लावून ती तशीच बसून राहिली, आणि पलीकडं वारा वाहत राहिला.

खूप वेळ झाला. मग पलीकडून निकिताचा आवाज आला, बारीक, जपून टाकलेल्या पावलासारखा.

"आई, तू चिडली न्हाईस ना?"